मिथेनॉल वडीत नसतं, आमच्या नळीत असतं

आत्याने सोया वड्यांचं अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं. निमित्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज: 'लॅबमध्ये मिथेनॉल वापरून वडीतून स्त्री-हार्मोन काढलं! 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅम. भिजवल्यावर येणारा फेस म्हणजे केमिकल. मुलांना देऊ नका.' तिचा नातू 14 वर्षांचा, म्हणून ही घाई. माझं पोट याच तपासण्यांवर चालतं, म्हणून हा वैताग.

आधी ते मिथेनॉल, म्हणजे घटक विरघळवून बाहेर काढणारं एक अल्कोहोल. वडी दळायची, ग्रॅमभर पूड नळीत घ्यायची, वर 80 टक्के मिथेनॉल ओतून हलवत ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज. वर फिकट पिवळं पाणी राहतं, ते बारीक गाळून एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, द्यायचं. त्याच्या कॉलममधून, म्हणजे भरीव नळीतून, एकेक घटक आपापल्या वेळी बाहेर येतो, 260 नॅनोमीटरच्या आसपास यूव्ही प्रकाश शोषतो आणि पडद्यावरच्या आलेखात पीक, म्हणजे उंचवटा, उठतो (शेतातलं नव्हे). मिथेनॉल आम्ही ओततो, मोजण्यापुरतं. हळदीतलं कर्क्युमिनही मिथेनॉलने काढून मोजतात. आता मिसळणाचा डबा फेकायचा का?

बरं, तो पीक आयसोफ्लेव्होन या सोयातल्या वनस्पतिजन्य घटकाचा असतो, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा नाही. रेणूची ठेवण जरा मिळतीजुळती, जोर फारच कमी. आणि 200 कशाचे? जेनिस्टिन या आयसोफ्लेव्होनला साखर चिकटलेली असते; तिच्यासकट रेणूभार 432, तिच्याविना 270. कोणत्या रूपात मोजलं, वडी कोरडी की शिजवलेली, काही न सांगता आकडा फेकायचा म्हणजे भाव सांगून किलोचा की क्विंटलचा ते गिळायचं.

पुरुषांवरच्या 41 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2021 साली 'रिप्रॉडक्टिव्ह टॉक्सिकॉलॉजी'त आलं. सोयाने ना टेस्टोस्टेरॉन बदललं, ना इस्ट्रोजेन. ते अभ्यास मोठ्या माणसांचे, हे कबूल. पण मेसेजवाल्याकडे तर एकही नाही.

फेस? सॅपोनिन (वनस्पतीतले साबणासारखे फेसाळणारे घटक) आणि प्रथिनं. हरभरे उकळताना येतो तसाच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते, आणि ती मेसेजात नाहीच. वडीच्या पिठातलं तेल कारखान्यात बहुधा हेक्झेन या पेट्रोलियम द्रावकाने काढतात. ते 69 अंशांना उकळतं, पुढे उष्णतेने आणि वाफेने उडवतात. उरलंच तर अंशमात्र.

मेसेजात नसलेलं आणखी एक: सोयामुळे थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी होऊ शकतं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायला सांगतात. आत्या ती गोळी रोज सकाळी घेते. सोया मिल्कच्या घोटाबरोबर. तो डबा तिने फेकलेला नाही.