गुद्योनसेनच्या कारकिर्दीविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आइसलंडचा फुटबॉलपटू आयदुर गुद्योनसेन याच्यावरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत: बार्सिलोना क्लबच्या राखीव बाकावर बसून मिळालेली पदके मी त्याच्या खात्यावर जमा केली, आणि पुण्याच्या संघाशी करार करूनही एकदासुद्धा न खेळलेल्या माणसाची मी भलामण केली. पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. २००९ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, रोममध्ये, तो मैदानात उतरलाच नव्हता, हे मी लिहायला हवे होते.

पण त्यावरून त्याला दुय्यम ठरवताना आपण त्याआधीची चेल्सी या इंग्लिश क्लबमधली सहा वर्षे विचारातच घेतलेली नाहीत. २००१-०२ मध्ये सहकारी हॅसलबेंकच्या जोडीने खेळताना त्याने २३ गोल केले. पुढे प्रशिक्षक मोरिन्योने द्रोग्बाला आघाडीवर ठेवून त्याला मागे, प्रसंगी मधल्या फळीत खेळवले. त्याचे गोल घटले, पण चेल्सीने सलग दोनदा लीग जिंकली ती याच काळात. ८ मार्च २००५ ला बार्सिलोनाविरुद्धचा त्याचा पहिला गोल पुन्हा पाहावा: सहकारी केझमनकडून चेंडू आला, एका स्पर्शात बचावपटू चुकला आणि लगेच चेंडू जाळ्यात.

शिवाय हे सारे घडले ते पाय मोडल्यानंतर. २४ एप्रिल १९९६ ला टालिनमध्ये एस्टोनियाविरुद्ध आइसलंडकडून खेळणारे त्याचे वडील आर्नोर बाहेर आले आणि त्यांच्या जागी १७ वर्षांचा आयदुर आत गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच युवा संघाकडून खेळताना त्याचा घोटा मोडला, उमेदीची दोन वर्षे वाया गेली आणि बापलेक देशासाठी एकत्र कधीच खेळले नाहीत. ही हळहळ मला आजही वाटते.

पुण्याबद्दल बोलायचे तर, २०१६ मध्ये करार झाला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि नुकताच आइसलंडकडून युरो ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा खेळून आला होता. मोसम सुरू होण्याआधीच दुखापतीमुळे तो बाहेर गेला. बालेवाडीत त्याला पाहण्याची आस लावून बसलेल्यांत मीही होतो, त्यामुळे आपला राग मला समजतो. पण दुखापतीला कामचुकारपणा म्हणणे मला पटत नाही. २०१३ मध्ये झाग्रेबला विश्वचषकाची संधी हुकल्यावर कॅमेऱ्यासमोर रडलेला हाच खेळाडू मार्च २०१५ मध्ये, ३६ व्या वर्षी, कझाकस्तानविरुद्ध राष्ट्रीय संघात परतला आणि त्याने गोल केला.

रोमविषयीची दुरुस्ती लेखात केली आहे. पुण्याविषयीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवत आहे.