झोपेची गोळी खाऊन दाढ काढायला येऊ नका

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला सहा-सात जणांनी पाठवला, त्यातले निम्मे माझेच पेशंट. मथळा, ‘दातासाठी गुंगीचं औषध घेण्याआधी हे वाचा’. मजकूर थोडक्यात असा: सेडेशन म्हणजे पूर्ण बेशुद्धी, त्यातून माणूस उठेलच असं नाही. लाफिंग गॅस मेंदूवर परिणाम करतो, शिवाय त्याची सवय लागते. त्यापेक्षा घरातली झोपेची साधी गोळी तासभर आधी घ्या, काही कळणारही नाही आणि हिरडीत सुई टोचून घ्यावी लागणार नाही. आणि शेवटी, भीती हा सगळा मनाचा खेळ आहे, मन घट्ट करा.

मी दातांची डॉक्टर आहे. खुर्चीचा हात घट्ट धरून पांढरी पडलेली बोटं रोज बघते, त्यामुळे या मेसेजमागची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण यातला सल्ला उलटा आहे. जे नजरेखाली दिलं जातं ते टाळा म्हणतो, आणि जे कुणाच्याच नजरेखाली नसतं ते घ्या म्हणतो.

आधी ‘बेशुद्धी’चं बघू. दवाखान्यात सहसा जे देतात त्यात पेशंट जागा असतो. डोळे मिटलेले असतील, जीभ जड झाली असेल, पण ‘तोंड जरा मोठं उघडा’ म्हटलं की उघडतो. ही आमची सगळ्यात साधी चाचणी: हाक मारली की प्रतिसाद यायला हवा. श्वास तो स्वतःचा स्वतः घेतो आणि घशाशी पाणी गेलं तर खोकतो. पूर्ण भूल दिल्यावर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही, तिथे श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञाची. दातांच्या खुर्चीत दगावलेल्या लोकांच्या ज्या गोष्टी ऐकू येतात त्यांत पुष्कळदा पूर्ण भूल किंवा तिच्या जवळ पोचलेलं खोल सेडेशन असतं. ब्रिटनने तर २००१ च्या अखेरीपासून दातांसाठीची पूर्ण भूल फक्त अतिदक्षतेची सोय असलेल्या हॉस्पिटलातच द्यायची असा नियम केला.

मात्र मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेही सांगते. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि भूल यांच्यामध्ये भिंती नाहीत. तो एक उतार आहे. डोस वाढला, किंवा पेशंटची सहनशक्ती अपेक्षेपेक्षा कमी निघाली, की माणूस खालच्या पायरीवर घसरू शकतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं लवकर घसरतात. म्हणून बोटाला रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन, आणि काम करणाऱ्या डॉक्टरखेरीज पेशंटच्या श्वासाकडे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस लागतो.

लाफिंग गॅसबद्दल, म्हणजे नायट्रस ऑक्साइडबद्दल, मला थोडी आपुलकी आहे, कारण भूलशास्त्राच्या इतिहासात दातवाल्यांचा मान या वायूमुळे आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८०० मध्येच लिहून ठेवलं होतं की नायट्रस ऑक्साइडने वेदना जाते, शस्त्रक्रियेत उपयोग होईल. चार दशकं कुणी लक्ष दिलं नाही. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला या वायूच्या करमणुकीच्या खेळात एकाचा पाय चांगलाच सोलवटला आणि त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःवरच प्रयोग केला: गॅस घेतला आणि सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ उपटून घेतली.

आज आम्ही वेल्ससारखा निव्वळ गॅस देत नाही. नाकावर छोटा मास्क बसवून आधी ऑक्सिजन सुरू करतो, मग हळूहळू नायट्रस वाढवतो. बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांत पुरतं. ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच नये अशी दातांच्या दवाखान्यासाठीच्या यंत्राची रचना असते. तीन-चार मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, पाय जड किंवा तरंगल्यासारखे वाटतात, ड्रिलचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा होतो. काम झालं की पाचेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, की उतरलं.

मेंदू आणि सवयीचं काय? नशेसाठी हा वायू वारंवार ओढणाऱ्यांच्या नसांना इजा होते हे खरं आहे, कारण तो शरीरातलं बी१२ जीवनसत्त्व निकामी करतो. पण अक्कलदाढेसाठी खुर्चीत घेतलेला अर्धा-पाऊण तास आणि ती नशा एका तागडीत घालता येत नाहीत. बी१२ची मोठी कमतरता असेल, डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, नुकतंच कानाचं ऑपरेशन झालं असेल, गरोदरपणाचे पहिले तीन महिने असतील, तर मात्र आम्हीच नको म्हणतो. आणि सर्दीने नाक बंद असेल तर हा गॅस कुचकामी, कारण तो नाकातूनच जायचा.

आता गोळी. मध्यंतरी पन्नाशीच्या एक बाई आल्या. खालची दाढ काढायची होती. दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिली, पण इतकी सावकाश की मी तिसरा प्रश्न बदलला: ‘काही घेऊन आलात का?’ मेसेज वाचून भावाच्या झोपेच्या गोळ्यांतली एक घेतली होती. अर्ध्या तासात काही वाटेना म्हणून आणखी एक. आणि गाडी स्वतः चालवत आल्या होत्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला. डुलकी लागली की आकडा ९१ वर यायचा, ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की ९६. त्या दिवशी मी दाढेला हात लावला नाही. अडीच तास बसवून ठेवलं आणि मुलाला बोलावून घरी पाठवलं.

गोळीची अडचण हीच आहे. ती पोटातून रक्तात जायला अर्धा ते एक तास लागतो, कधी जास्त, आणि कुणाला किती चढेल हे आधी सांगता येत नाही. पहिलीचा परिणाम दिसायच्या आत दुसरी घेतली की दोन्ही एकदम चढतात. दारू, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, रात्री घोरताना श्वास अडकण्याचा आजार, यांतलं काहीही सोबत असेल तर श्वास मंदावतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर मिडाझोलाम किंवा ट्रायझोलाम या गुंगीच्या औषधांचा जोर कितीतरी वाढतो. त्यांच्याच जातीचा डायझेपाम तर दुसऱ्या दिवशीही अंगात असतो. गोळी मुळातच वाईट असं नाही. आम्हीही देतो, पण चालू औषधं विचारून, वजन-वय बघून, सोबत मोठं माणूस असेल तरच, आणि पुढचे २४ तास गाडी नाही या अटीवर.

शिरेतून औषध देण्याचा फायदा इथे कळतो. मिडाझोलाम एक मिलिग्रॅम द्यायचा, दोन मिनिटं थांबून पेशंटकडे बघायचं, मग पुढचा द्यायचा की नाही ते ठरवायचं. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल असतं. तेही बेफिकिरीचं कारण नव्हे, कारण उताऱ्याचा असर आधी ओसरतो आणि गुंगी परत डोकं वर काढू शकते. घरी गिळलेल्या गोळीला थांबवणारं कुणी नसतं.

‘सुई लागणार नाही’ हे तर सपशेल खोटं. झोपेच्या गोळीत वेदना मारण्याचा गुण नाही. गॅसने वेदना थोडी कमी होते, पण दाढ उपटण्याइतकी नाही. हिरडी बधिर करावीच लागते, फरक एवढाच की तोवर त्या सुईचं फारसं काही वाटेनासं होतं. मग ‘मला तर काहीच कळलं नाही, मी झोपलेच होते’ असं लोक शपथेवर का सांगतात? मिडाझोलामच्या जातीची औषधं त्या वेळची आठवणच पक्की होऊ देत नाहीत. तासभर माझ्याशी बोललेला माणूस घरी जाऊन ‘बेशुद्ध होतो’ म्हणतो. मेसेजमधल्या पहिल्या गैरसमजाचा उगम मला वाटतं बराचसा इथेच आहे.

राहिला मनाचा खेळ. या भीतीचं मोजमाप होतं. पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, गुण ५ ते २५, आणि १९ किंवा त्याहून जास्त झाले की भीती तीव्र समजायची. घाबरलेल्या माणसाला दुखतंही जास्त, त्यामुळे ‘घट्ट करा’ म्हणून भागत नाही. त्याचबरोबर, प्रत्येक घाबरटाला औषध लागतं असंही नाही. काय करणार ते आधी सांगणं, हत्यार हातात देऊन दाखवणं, मानसोपचारातल्या थोड्या बैठका, आणि एक खूण ठरवणं: डावा हात वर झाला की मी थांबणार.

त्या बाई तीन आठवड्यांनी परत आल्या, मुलाला घेऊन, गोळीविना. गॅस लावला, हिरडी बधिर केली. काम चालू असताना त्यांनी दोनदा हात वर केला. पहिल्यांदा गालाला ताण पडत होता म्हणून. दुसऱ्यांदा, नंतर त्यांनीच सांगितलं, मी खरंच थांबते का ते बघायला.