पोथ्या कॉम्प्युटरात, औषध बाहेर?

‘चीनने हजारो वर्षांचे वैद्यकग्रंथ कॉम्प्युटरात भरले, त्यातून मलेरियाचं औषध निघालं, नोबेल मिळालं. आपल्या पोथ्या मात्र धूळ खात पडल्यात. एआयला द्या, उरलेलं मशीन बघेल.’ हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही आला असेल.

आधी त्या कॉम्प्युटरचं बघू. ज्यांना हे नोबेल मिळालं त्या चिनी संशोधक तू यूयू यांनी 1969 मध्ये काम हाती घेतलं ते कॉम्प्युटरविना, जुने ग्रंथ चाळून, वैद्यांना भेटून. जवळपास 2000 नुस्खे जमले, त्यातल्या 640 नुस्ख्यांची पुस्तिका निघाली. छिंगहाव ही आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती; तिचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याने लिहून ठेवलं होतं: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळून रस प्या. उकळा म्हटलेलंच नाही! उष्णतेने गुण जात असेल, हे तू यूयूंच्या डोक्यात आलं ते यावरून. मग कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं आणि ऑक्टोबर 1971 मध्ये 191 क्रमांकाचा नमुना उंदरांवर शंभर टक्के लागू पडला. ग्रंथाने वाट दाखवली, कौल प्रयोगशाळेने दिला.

‘मजकूर भरला की झालं’ हे तर धोकादायकच. 1990 च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन घटवायच्या गोळ्यांत फांगजी या चिनी वनौषधीऐवजी ग्वांगफांगजी गेली. नावं जवळची, झाडं निराळी. दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल, मूत्रपिंडाला घातक. कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. डेटाबेसात या दोघी एका खणात पडल्या तर एआय तीच चूक झटपट करेल, एवढंच. म्हणून प्रत्येक नोंदीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, कशी प्रक्रिया, हे माणसानेच तपासून लिहावं लागतं. वजनांचंही तेच: ल्यांग हे चिनी वजनाचं माप. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतला ल्यांग 15 ग्रॅमच्या आसपास धरतात, अलीकडच्या छिंग राजवटीतला 37. मात्रा दुपटीहून जास्त!

‘डेटाबेसात आहे म्हणजे सिद्ध’ हेही नाही. टीसीएमएसपी या चिनी वनौषधींच्या डेटाबेसात 499 वनौषधी नि 29 हजारांवर घटक आहेत. कोणता घटक शरीरात कुठे काम करतो, यातलं पुष्कळसं गणिती भाकीत आहे.

आणि आपल्या पोथ्यांची धूळ? हळदीचं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झालं ते माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन लढल्यामुळे. 2001 पासून टीकेडीएल या पारंपरिक ज्ञानाच्या सरकारी डिजिटल ग्रंथालयात आयुर्वेद, युनानी, सिद्धचे नुस्खे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानीत उतरवले गेले. पण ते मुळात पेटंट तपासणाऱ्यांसाठी केलेलं. औषध शोधायला नव्हे.