फुकटातले सर

"सदर काम हे मोफत ऑनलाइन साधनांच्या साहाय्याने झालेले असल्याने मानधनाचा प्रश्न उद्भवत नाही." असा शेरा मारून माझा अर्ज परवा परत आला. सही हिरव्या शाईत आहे म्हणजे प्राचार्यांची, पण वाक्य आमच्या ऑफिसच्या भाऊसाहेबांचं, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण एवढं रेखीव मराठी आमच्या कॉलेजात दुसरं कुणीच लिहीत नाही, मराठी विभाग धरून.

काम वेबसाईटचं होतं. नॅक, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणारी तपासणी, तोंडावर आलं, मीटिंग झाली, मीटिंगमध्ये सगळ्यात तरुण चेहरा माझा दिसला, विषय संपला. मी अर्थशास्त्र शिकवतो हो, आणि तेही सीएचबीवर, म्हणजे तास झाला तर पैसे, गणपतीची सुट्टी पडली की पैसे नाहीत, आणि जे होतील ते हातात कधी पडतील ते एक देव जाणे नाहीतर शिक्षण खात्यातलं ते टेबल. पण "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना" म्हटलं की पुढे विषय, पदवी, पगार सगळं गौण.

आधीची साईट ज्यांनी पाहिली नाही ते सुटले. वर सात फोटोंचा स्लायडर, प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला, आठ-आठ एमबीचा, आणि सातही फोटोंत कुणीतरी कुणालातरी शाल देतंय. त्याखाली लाल पट्टीवर पिवळ्या अक्षरात 'आपले हार्दिक स्वागत आहे' उजवीकडून डावीकडे पळतंय. बाजूला २०१७ च्या एका सूचनेपुढे 'न्यू' असं लुकलुकतंय, अजून. तळाला 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशी ग्वाही, जो एक्सप्लोरर खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निकालात काढला. आणि प्राचार्यांचं मनोगत कुणीतरी कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून उचलून तसंच चिकटवलेलं, त्यामुळे स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि उभ्या रेघांची दंगल. इतकी वर्षं ते तसंच होतं आणि एकाचीही तक्रार नाही, यावरून मनोगत किती लोक वाचतात ते कळावं.

(जाता जाता, या शाली पुढे कुठे जातात हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. पाहुणे घरी नेऊन पांघरत असतील असं वाटत नाही, पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्या पाहुण्याच्या खांद्यावर देत असावेत. आमच्या सातातल्या तीन फोटोंत मला एकच शाल दिसते. झूम करून बघितलंय, काठावर चहाचा डाग आहे.)

टूलं मात्र खरंच गुणी निघाली, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स म्हणून आहे, साईटचा पत्ता टाकायचा, ते शंभरपैकी मार्क देतं. ४९ पर्यंत लाल, ५० ते ८९ नारिंगी, ९० पासून हिरवं. आम्हाला मोबाईलवर ३१. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदात दिसायला पाहिजे असा त्यांचा दंडक आहे, आमच्याकडे पहिली शाल खांद्यावर पडेपर्यंत पोरगं एसटीत बसून गावाला पोचायचं. मग स्क्वूश. हे तर ब्राउझरमध्येच फोटो बारीक करतं, फोटो कुठे बाहेर पाठवत पण नाही, आठ एमबीचा ऐवज दोनशे केबीत आला आणि चहाचा डाग जागच्या जागी. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं लिंक तपासायचं टूल आहे ते मेलेल्या लिंका सांगतं, आमच्या बाबतीत जिवंत सांगितल्या असत्या तर यादी आटोपशीर झाली असती. कृतीदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टरही फुकट मिळतात, फक्त रफारावर लक्ष ठेवावं लागतं, 'प्राचार्य' मधला रफार एकदा का सुटला की पुढे कुणाच्या डोक्यावर जाऊन बसेल त्याचा नेम नाही, आणि आपली नोकरी ही अशी.

तर रात्री जागून, घरच्या वायफायवर, साईट ९४ ला आणली. हिरवा गोल. बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली छान आहे, लाईट बंद करा.

इथून पुढे भाऊसाहेब.

"लाईव्ह करायच्या आधी मंजुरी लागंल," भाऊसाहेब म्हणाले. मी म्हटलं, लिंक पाठवतो.

"लिंक फायलीला कशी लावू?"

म्हणून प्रिंट. वेबसाईटची. सगळ्या पानांची, पाठपोट नाही, कारण मागच्या बाजूला शेरा लिहायला जागा लागते. जगात लोक विचारतात साईट मोबाईलवर कशी दिसते, टॅबवर कशी दिसते, आमची साईट लीगल साईझच्या कागदावर कशी दिसते यावर तिचं भवितव्य ठरणार होतं. आवक नंबर पडला. पंचिंग मशीननं होम पेजला डावीकडून दोन भोकं पाडली, एक 'प्रवेश' वर, एक 'परीक्षा' वर, त्यातून टॅग गेला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं, आणि पहिल्याच पानावर थांबले.

"सर, ही ओळ हलत न्हाई."

"भाऊसाहेब, हा कागद आहे."

"ते दिसतंय मला. आधीचा पण कागदच होता."

"आधीचा कुठला?"

तर ते उठले, खालच्या कपाटातून २०१७ ची फाईल काढली, धूळ झटकली (माझ्यावर) आणि उघडून समोर ठेवली. जुन्या साईटची प्रिंट. त्यावर लाल पट्टीच्या डाव्या टोकाला नुसतं 'त आहे' एवढंच छापलेलं, बाकीचं स्वागत कागदाबाहेर गेलेलं.

"बघा. हे हलता हलता छापलंय. हे चालू हाय. तुमचं गप उभं हाय."

यावर काय बोलणार तुम्ही? मी ऐपतीप्रमाणे प्रयत्न केला. म्हटलं भाऊसाहेब, ती पळणारी ओळ ज्या मार्की टॅगनं होते तो आता एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, नियमातून बाद झालाय, आणि अक्षर लुकलुकवणारा ब्लिंक टॅग तर फायरफॉक्सनं २०१३ सालीच काढून टाकला.

"काढल्याचा जीआर हाय का?"

"अहो, हे जागतिक पातळीवरचं असतं, याचा जीआर नसतो."

"जागतिक असू द्या की. शासन निर्णय असंल तर जोडा, म्हंजे उद्या माझ्यावर यायचं न्हाई."

मग स्पीड. स्पीड वाढला याचा पुरावा पाहिजे, आधीचा आणि नंतरचा. मी दोन्ही रिपोर्टच्या प्रिंट दिल्या. ऑफिसचा प्रिंटर ब्लॅक अँड व्हाईट. लालभडक गोल करडा आला, हिरवागार गोल पण करडा आला. भाऊसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकदा हा बघितला, एकदा तो.

"दोन्ही सारखंच की हो."

"आत आकडा बघा ना. ३१ आणि ९४."

"हां. चौऱ्याण्णव." पेन थांबलं. "मग सहा मार्क कुठं गेले?"

मी सांगितलं की खाली कॉलेजचा नकाशा लावलाय, गुगल मॅप, तो उघडायला जरा जड असतो.

"मग नकाशा काढा."

"काढतो."

"काढू नका, अध्यक्षांनी सांगून लावलाय."

"मग राहू दे."

"मग सहा मार्काचं काय?"

असं ते बराच वेळ चाललं, मधे चहा पण आला, चहा त्यांनी मला पाजला हे नाकारत नाही. शेवटचं पान उलटलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खालचा तो 'आपण अमुकावे भेट देणारे आहात' वाला आकडा गायब आहे. चार लाखाच्या पुढे गेला होता तो. पान नुसतं रिफ्रेश केलं तरी एकानं वाढायचा, म्हणून मी काढला. भाऊसाहेब पहिल्यांदा खरे दुखावले. दरवर्षीच्या अहवालात तो आकडा जातो म्हणे. आणि मग कळलं की सकाळी ऑफिस उघडलं की शिपाईमामा खुर्च्या पुसतात, पाणी भरतात आणि थोडा वेळ एफ फाईव्ह दाबत बसतात. चार लाखांत मामा किती आणि जनता किती याचा हिशोब मामांकडेही नाही.

हे सगळं मी मित्रांना सांगतो तेव्हा ते पोट धरून हसतात, मी पण हसतो. पण एक गोष्ट त्यात मी सांगत नाही.

आमच्या बीएच्या दुसऱ्या वर्षाला एक अंध मुलगा आहे. मोबाईल आणि लॅब दोन्ही सफाईनं वापरतो, लॅबच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकून घेतलंय, हे पण फुकटच, स्क्रीनवरचं वाचून दाखवतं. त्याला जुनी साईट उघडायला सांगितली आणि बाजूला बसून ऐकलं. सात वेळा फोटोच्या फाईलचं नाव, आयएमजी, अंडरस्कोर, आणि लांबलचक आकडा. मग सूचनांवर गेला. सूचना उघडली आणि आवाज बंद. कारण आमची प्रत्येक सूचना ही टाईप करून, प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पीडीएफ केलेली असते, म्हणजे ते अक्षरांचं चित्र असतं, त्यात वाचायला काही नसतंच. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख तुला कशी कळते म्हटलं, तर म्हणाला, मित्र सांगतो सर. आणि मित्र आला नाही तर? यावर तो नुसता हसला.

मी त्या सूचना गुगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्समध्ये उघडल्या, ते चित्रातली मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं, चुका दुरुस्त करून साधा मजकूर साईटवर टाकला. वेव्ह नावाचं टूल आहे, दिव्यांगांना साईट कुठे अडते ते दाखवतं, त्यानं आमच्या लाल-पिवळ्यावर बोट ठेवलं. अक्षर आणि मागचा रंग यातला फरक निदान साडेचारास एक असावा लागतो, भडक लालवर भडक पिवळं तर चाराससुद्धा एक भरत नाही. ज्यांना कमी दिसतं त्यांनी आमचं स्वागत स्वीकारायचं कसं?

यावर फाईलमध्ये शेरा: सही-शिक्का नसलेली सूचना ग्राह्य धरता येणार नाही. मी म्हटलं दोन्ही ठेवू, स्कॅन पण आणि मजकूर पण. "दोन ठेवल्यावर खरी कुठली धरायची?" झालं. मजकूर साईटवरून काढून टाकला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याचा बोर्ड आमच्या पोर्चमध्ये छान फ्रेम करून लावलाय, तो पण नॅकसाठीच. डीव्हीव्हीवाले, म्हणजे नॅकसाठी दिलेली माहिती पडताळणारे, लिंक उघडते का बघतात, उघडल्यावर आतलं कुणाला वाचता येतं का हे बघायला कुणीच येत नाही, त्यामुळे ते कुणाचंच काम नाही. माझंही नव्हतं, आता कागदोपत्री सिद्धच झालं.

आणि मानधन किती मागितलं होतं तर अगदी किरकोळ, आकडा सांगायला लाज वाटते, तेवढ्यात कायम प्राध्यापकांचा पेट्रोलचा आठवडा निघणार नाही. टूल फुकट म्हणून माणूस फुकट हा हिशोब पुढे नेला तर खडू संस्थेचा, फळा संस्थेचा, पुस्तकं लायब्ररीची आणि अर्थशास्त्र कौटिल्याचं, तेव्हा माझ्या तासांचे तरी पैसे कशाला? हे मी ऑफिसात बोललो नाही. भाऊसाहेब लिहून घेतात.

साईट आता लाईव्ह आहे. लाल पट्टी परत आली, ओळ पळतीये. मामांचा आकडा पण जिथून सुटला होता तिथून पुढे सुरू केलाय. आणि आज सकाळी व्हॉट्सॲपवर भाऊसाहेबांनी प्राचार्यांच्या वाढदिवसाचा बॅनर पाठवलाय, क्वालिटी जायला नको म्हणून डॉक्युमेंट करून, अकरा एमबी, खाली मेसेज: "सर आजच लावा. फुल स्क्रीन." वरून नोटिफिकेशनमध्येच वाचलाय मी तो. आत जाऊन निळी टिक होऊ दिलेली नाही.