आधी त्यांच्या जमिनीचा हक्क मान्य करा

हवामान परिषद आली की पिसांचे मुकुट घातलेल्या अॅमेझॉनच्या आदिवासींचे फोटो सगळीकडे झळकतात. कौतुक होतं, भाषणं होतात. त्यांची मागणी मात्र कोणी नीट ऐकत नाही. ते जमीन मागतायत. स्वतःचीच जमीन, कायद्याने मान्य झालेली.

चिको मेंडिसला आज जग पर्यावरणवादी म्हणून ओळखतं. मुळात तो रबराचा चीक काढणारा मजूर आणि कामगार संघटनेचा पुढारी. ब्राझीलच्या आक्रे राज्यातलं शापुरी हे त्याचं गाव. १९७०च्या दशकात बडे पशुपालक तिथे जमिनी घेऊन कुरणांसाठी जंगल साफ करू लागले. चीक काढणाऱ्यांच्या पिढ्या त्या जंगलात गेल्या होत्या, पण हातात कागद नव्हता. मग त्यांनी ‘एम्पाची’ सुरू केलं. बायकापोरांसह सगळे तोड चालू असेल तिथे चालत जायचे आणि करवतवाल्यांसमोर उभे राहायचे. करवत चालवणारेही बहुतेक गरीब मजूरच. त्यांच्याशी बोलायचं, समजूत घालायची, काम थांबवायला लावायचं. मला या लढ्यातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. समोरच्या मजुराला त्यांनी शत्रू मानलं नाही.

याची किंमत भयंकर होती. विल्सन पिन्येरो या त्यांच्या नेत्याला १९८०मध्ये संघटनेच्या कार्यालयातच गोळ्या घातल्या. चिकोला धमक्या येत होत्या, म्हणून घरी दोन पोलीस दिले होते. २२ डिसेंबर १९८८च्या संध्याकाळी चिको आणि ते पोलीस स्वयंपाकघरात डॉमिनो खेळत होते. चिको आंघोळीला म्हणून मागचं दार उघडून बाहेर पडला आणि तिथेच त्याला गोळी घातली. चव्वेचाळीस वर्षांचा होता. १९९०मध्ये त्याच्या नावाने जवळपास १० लाख हेक्टरचं राखीव जंगल झालं. जमीन सरकारची, पण राहण्याचा आणि रबर, ब्राझील नट गोळा करण्याचा हक्क लोकांचा.

तिथेही आज गुरं शिरली आहेत, जंगल तुटतंय. रबराला भाव नसेल तर माणूस गुरं पाळणारच. त्याला दोष देण्याआधी त्याच्या मालाला भाव द्या!

इक्वाडोरच्या वाओरानी आदिवासींनी कोर्टाची वाट धरली. सरकार त्यांच्या जंगलातलं तेल लिलावात काढायला निघालं होतं, आणि ‘तुम्हाला विचारलं होतं’ असं वर सांगत होतं. असं विचारणं ग्राह्य नाही, असा निकाल २०१९मध्ये लागला आणि सुमारे ५ लाख एकर जंगल लिलावातून वाचलं. त्याच देशात २०२३च्या सार्वमतात यासुनी या राष्ट्रीय उद्यानातलं तेल जमिनीतच राहू द्या, असा कौल सुमारे ५९ टक्के मतदारांनी दिला.

नोव्हेंबर २०२५मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत तिथल्या मुंडुरुकू आदिवासींनी मुख्य प्रवेशद्वारच अडवलं. तापाजोस नदीचा मालवाहतुकीसाठी जलमार्ग करू नका, आमच्या जमिनी आखून द्या, ही मागणी. प्रतिनिधींचा खोळंबा झाला म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला मुंडुरुकूंचं शंभर टक्के पटलं. परिषद चालू असतानाच ब्राझील सरकारने १० आदिवासी भूभागांना मान्यता देण्याची घोषणा केली. दार अडवल्याशिवाय कोणी ऐकतच नसेल तर त्यांनी करायचं तरी काय?

घोषणेने काम संपत नाही. हद्दीच्या खुणा जागेवर रोवाव्या लागतात, घुसलेले सोनंखाणवाले आणि लाकूडचोर बाहेर काढावे लागतात, ते परत येऊ नयेत म्हणून पहारा ठेवावा लागतो. हे सगळं पैशाचं काम आहे. हवामान निधीतला पैसा आधी तिथे गेला पाहिजे, आणि तो कसा खर्च करायचा हे तिथल्या लोकांनी ठरवलं पाहिजे.