आठ तासांचा पगार आणि पाच मिनिटांचा मोबाइल

सप्रेम नमस्कार,

कार्यालयात थोडा वेळ खाजगी इंटरनेट वापरू द्यावे, या माझ्या म्हणण्याला आपण कामचुकारांची वकिली म्हटले आहे. पगार आठ तासांचा घेतला तर आठही तास कामाचेच, हे आपले मत बँकेतील दीर्घ नोकरीतून आलेले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

मेलबर्न विद्यापीठाच्या ब्रेंट कोकर यांनी २००९ मध्ये ३०० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून मांडले की, कार्यालयीन वेळेच्या २० टक्क्यांहून कमी वेळ विरंगुळ्यासाठी इंटरनेट पाहणाऱ्यांची उत्पादकता, तसे न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी अधिक होती. ही मर्यादा मी ठळकपणे सांगायला हवी होती. दिवसभर रील पाहणाऱ्याची बाजू मी घेतलेली नाही.

मात्र बंदी घातली की लक्ष लागते, हे मला पटत नाही. इंदूरमध्ये ज्या कर सल्लागारांकडे मी पूर्वी काम करीत असे, तेथे संगणकावर कामाव्यतिरिक्त काहीच उघडत नसे. महिन्याची ११ तारीख, जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे मासिक जीएसटी विवरण, भरण्याचा शेवटचा दिवस; सियागंजातील एका किराणा व्यापाऱ्याचे विवरण तयार, पण ते दाखल करायला लागणारा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि ते गल्ल्यावर गिऱ्हाइकांत गुंतलेले. अशा वेळी आम्ही आपापला मोबाइल घेऊन जिन्यात जात असू. जिन्यात गेलेला माणूस लवकर परतत नाही. तोवर ओटीपीचे आकडे सांगायला ते शेठजी फोन करत, पण तो उचलायला जागेवर कोणी नसे, आणि ओटीपीची मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जागेवर बसूनच बातम्या वाचल्या असत्या, तर तो फोन नक्की उचलला गेला असता.

माझी खरी तक्रार वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की मन काही प्रमाणात आधीच्याच कामात अडकून राहते, असे सोफी लरॉय यांच्या २००९ च्या संशोधनात दिसले. खरेदीची बिले जुळवताना मध्येच मोबाइल वाजला, तर तो निरोप घरचा असो की खुद्द साहेबांचा, बेरीज पुन्हा वरून करावी लागते, हे मी शेकडो वेळा अनुभवले आहे. म्हणून किती मिनिटे गेली यापेक्षा ती कामाच्या कोणत्या टप्प्यावर गेली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपणच लिहिले आहे की, आपल्या शाखेत चहाची सुट्टी ठरलेली होती आणि नोटांची गड्डी मोजून झाल्याशिवाय रोखपाल चहाला उठत नसे. इंटरनेटसाठी मी तेवढीच सवलत आणि तेवढेच बंधन मागते आहे.