फार्महाऊस आमचं, शेत सिडकोचं

परवा कर्जतला एका मित्राच्या नव्या फार्महाऊसवर जाऊन आलो. दर्शनी भिंत काळ्या दगडाची. कौतुकाने हात लावला तर कोपऱ्यातला दगड हातात आला. अर्ध्या इंचाची टाईल होती, मागे सिमेंटची वीट. मित्र म्हणाला, "कसा अस्सल गावाकडचा फील आहे ना?" मी काही बोललो नाही. मटण त्याच्या घरचं होतं आणि अजून शिजत होतं.

खरं तर शेतकऱ्याचं दगडी घर आमच्याकडे आहे. नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर, गावठाणात. त्याला कोणी फार्महाऊस म्हणत नाही. "जुनं घर" म्हणतात, आणि त्याच दमात "पाडायचं कधी?" असं विचारतात.

दाराच्या गणेशपट्टीवर शके १८४५ कोरलंय, म्हणजे १९२३ साल. पणजोबांची खाडीकाठी भातशेती होती, चार महिने मिठागरावर काम. दगड पारसिकच्या डोंगराचा, बैलगाडीने आणलेला. पारसिकचा रेल्वे बोगदा १९१६ साली सुरू झाला होता, तेव्हा दगड फोडणारे हात या भागात मिळत असणार, असा काकांचा तर्क आहे. मला पटतो, पण लेखी पुरावा मागू नका, आमच्या घरात सातबाराशिवाय काही लिहून ठेवलेलं नाही.

भिंत दीड हात जाड, मातीत चिणलेली. बाहेरून एक थर मोठ्या दगडांचा, आतून एक, मधल्या पोकळीत दगडाच्या कपच्या आणि माती. ठरावीक अंतरावर एखादा लांब दगड भिंतीच्या आरपार घातलेला, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना सोडत नाहीत. गंमत अशी की छपराचा मुख्य भार या एवढ्या जाड भिंतीवर नाहीच. तो सागाच्या खांबांवर आहे. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, प्रत्येकाखाली घडीव दगडाचा तळखडा. ओल लाकडात चढत नाही, आणि वाळवी लागलीच तर तळखड्यावरून वर जाताना तिची मातीची रेघ दिसते. लहानपणी दर रविवारी आजी मला खांबांची बुडं बघायला लावायची. "रेघ दिसली त लगेच सांग रं." मला तो खेळ वाटायचा. ती घराची तपासणी होती, हे कळायला चाळिशी यावी लागली.

छप्पर दोनपाखी, उतार चांगला तीव्र. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच, तेव्हा उतार हौसेचा नाही. आधी कुंभाराची नळीची कौलं होती, मंगळुरी नंतर आली. मंगळूरला बासल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला आणि तिथली चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं समुद्रमार्गे मुंबईपर्यंत पोचली. नळीची कौलं दर मे महिन्यात शाकारावी लागत, माकडांनी उड्या मारल्या की पुन्हा. मंगळुरीने तो व्याप कमी केला. कौलांखाली माळा, माळ्यावर भाताच्या कणग्या, आणि खाली माजघर एप्रिलमध्येही गार. आता तिथे फ्रिज आहे आणि तो बिचारा उगाच चालतो असं वाटतं.

आता आमच्या हातून झालेला घोटाळा सांगतो.

२००८ साली माझं लग्न ठरलं. घर "पक्कं" दिसायला हवं असं सगळ्यांचं मत पडलं, माझंही. ओळखीच्या एका कंत्राटदाराने आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं, शेणाची जमीन उखडून चकचकीत टाईल्स बसवल्या, वर गुळगुळीत रंग. लग्नाच्या फोटोत भिंती झक्कास दिसतात. दोन पावसाळे गेले आणि माजघराच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर लोणा लागला. पांढरी बुरशी वाटावी अशी पूड, बोट फिरवून चाखली तर खारट. (हो, चाखली. मिठागरवाल्याचा पणतू आहे.) रंग फुगला, मग पापुद्रे, मग प्लास्टर ढलपीच्या ढलपी. आम्ही ढलपी पडली की पुन्हा सिमेंट मारायचो. लोणा कमरेपर्यंत चढला. सगळे म्हणाले, घराचं आयुष्य संपलं.

दोन वर्षांपूर्वी मुरबाडकडचा एक म्हातारा गवंडी कौलं बदलायला आला होता. त्याने भिंतीवर नखाने टकटक केलं आणि विचारलं, "हिचं नाक कोणी दाबलं?" मग त्याने जे समजावलं ते मला एकाही इंजिनिअर मित्राने सांगितलं नव्हतं. काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, पण दगडांमधली माती पिते. खाडीच्या बाजूची जमीन, त्यात क्षार. जमिनीतली ओल मातीच्या सांध्यांतून थोडी चढणारच. पूर्वी ती शेणाच्या जमिनीतून आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जायची. आम्ही खाली टाईल्स लावून आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट थापून तिचे रस्ते बंद केले. ती वर चढत राहिली, मीठ सोबत घेऊन. जिथे बाहेर पडायला फट मिळाली तिथे पाणी उडालं, मीठ राहिलं, आणि त्या मिठाच्या स्फटिकांनी प्लास्टर आतून फोडलं.

माजघराची एक भिंत त्याच्याकडून सोलून घेतली. चुनकळी भिजवली, चुना मुरू दिला, चाळलेली वाळू, थोडं गुळाचं पाणी. पातळ थर, मग चार दिवस थांबायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला घाई चालत नाही. गवंडी थर मारून गावी निघून जायचा आणि आमची चिडचिड व्हायची. लोणा पूर्ण गेलेला नाही, उगाच चमत्कार सांगत नाही. पण दोन पावसाळ्यांत त्या भिंतीची एकही ढलपी पडलेली नाही, आणि ती भिंत दुपारी हाताला कोरडी लागते. बाकीच्या तीन अजून सिमेंटातच आहेत. पैसे जमतील तशा सोलणार.

म्हणून "जुनं झालं, पाडा" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. गावठाणातली निम्मी दगडी घरं म्हातारी होऊन गेली नाहीत, ती "पक्की" करताना गेली. बाकीची रस्त्याने घेतली. आमच्या जोत्याला लहानपणी चार पायऱ्या होत्या. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर, मग त्यावर काँक्रीट. आज दीड पायरी शिल्लक आहे. शंभर वर्षं पुराला न भ्यालेला जोता आता गटाराच्या पातळीला आलाय, आणि पाणी आत आलं की दोष घराला.

शेताचं काय झालं ते माहीतच आहे. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोट्याला या जमिनींच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, शेतकरी नेते दि. बा. पाटलांचा लढा झाला, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत आले. त्यावर नवं वेगळं काही मी सांगणार नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या डोंगराचा दगड आमच्या भिंतीत अख्खा बसलाय, त्याच डोंगराची खडी होऊन समोरचे टॉवर उभे राहिले. आम्हाला टॉवर पक्का वाटतो आणि भिंत कच्ची!

बिल्डरचा निरोप येतो अधूनमधून. चार भावंडांना चार फ्लॅट. मी विरोध करतो म्हणून चुलतभाऊ मला "पुरातत्त्व खातं" म्हणतो. त्याचंही चुकत नाही, त्याची दोन मुलं एका खोलीत झोपतात. मागच्या परसात बांधू, पुढचं घर ठेवू, असं माझं म्हणणं. बैठक गणपतीनंतर आहे.

शेजारचं घर मागच्या वर्षी पडलं. त्यांचे पाच तळखडे काकांनी आमच्या अंगणात आणून ठेवले. गेल्या रविवारी एक गाडी थांबली. बदलापूरकडे फार्महाऊस बांधतोय म्हणे, बागेत ठेवायला अँटिक पीस हवेत. "काका, पाचच आहेत? सहा मिळाले तर बरं."

काका ओटीवर बसले होते. उठले नाहीत.

"सहावा आजून खांबाखाली हाय. घर धरून उभा ऱ्हाशील त घेऊन जा."